डेल अर्नहार्ट आणि खांद्यावरचे जू

१८ फेब्रुवारी २००१ चा रविवार. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात डेटोना येथे मोटारींची प्रसिद्ध शर्यत चालू होती. पाचशे मैलांच्या शर्यतीची शेवटची फेरी, आणि त्या फेरीतले शेवटचे वळण. पहिल्या मोटारीत मायकेल वॉल्ट्रिप, दुसऱ्या मोटारीत डेल अर्नहार्ट धाकटा आणि त्यांच्या मागे तिसरी काळी मोटार, क्रमांक ३. ती चालवत होता धाकट्याचा बाप, डेल अर्नहार्ट थोरला. पुढच्या दोन्ही मोटारी त्याच्याच मालकीच्या होत्या. मागून येणाऱ्यांना अडवून तो त्या दोघांना पुढे जाऊ देत होता.

एवढ्यात त्याच्या मोटारीला मागून स्टर्लिंग मार्लिनच्या मोटारीचा किंचित स्पर्श झाला. काळी मोटार डावीकडे, वळणाच्या आतल्या सपाट पट्टीकडे घसरली आणि मग एकदम उजवीकडे वळून उताराची चढण चढत बाहेरच्या काँक्रीटच्या भिंतीकडे निघाली. वाटेत केन श्रेडरची मोटार तिच्या उजव्या कुशीत घुसली. पुढच्याच क्षणी दोन्ही मोटारी भिंतीवर आदळल्या आणि घसरत घसरत खाली गवतावर येऊन थांबल्या. मोटारीने कोलांट्या खाल्ल्या नाहीत, तिला आग लागली नाही, तिचे तुकडेही झाले नाहीत. असल्या शर्यतीत याहून भयंकर दिसणारे अपघात प्रेक्षकांनी कितीतरी पाहिले होते. पुष्कळांचे लक्ष तर वॉल्ट्रिपकडे होते. ४६३ व्या शर्यतीत त्याला पहिला विजय मिळाला होता. पण श्रेडरने आपल्या मोटारीतून उतरून काळ्या मोटारीत डोकावून पाहिले आणि तो घाईघाईने मदतीसाठी हात हलवू लागला. सायंकाळी इस्पितळातून बातमी आली, की अर्नहार्ट मरण पावला. वय ४९.

मोटार जेमतेम चेपली, मग आतला माणूस कसा मेला? हा प्रश्न मला वर्गात विचारला गेला तो सदिशाचे घटक शिकवताना. सदिशाचे घटक हा विषय मुलांना फारसा आवडत नाही. ज्या आणि कोज्या यांचे गुणाकार करून काय मिळते, असा चेहरा करून मुले बसतात. म्हणून मी त्यांना हा अपघात सांगितला. आज तोच तुम्हाला सांगतो.

आधी या माणसाची ओळख करून घेऊ.

डेल अर्नहार्टचा जन्म २९ एप्रिल १९५१ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील कनापोलिस या गावी झाला. कनापोलिस म्हणजे कापडगिरण्यांचे गाव. आपल्याकडे इचलकरंजी किंवा मालेगावात जसे घराघरांतून मागाचेच बोलणे, तसे तिथे गिरणीचे. डेलचा बाप राल्फ हाही आधी गिरणीत कामाला होता. पुढे गिरणी सोडून त्याने मोटारींच्या शर्यतींवर पोट भरायचे ठरवले. घरामागच्या गॅरेजात तो स्वतःच्या हाताने मोटार बांधी, शनिवारी-रविवारी आसपासच्या लहान मार्गांवर ती पळवी आणि बक्षिसाच्या पैशांतून घर चालवी. १९५६ साली तो आपल्या गटाचा राष्ट्रीय विजेताही झाला. डेलने बापाचे पाहून नववीत शाळा सोडली. बापाला ते मुळीच पसंत पडले नाही, आणि मला विचाराल तर बापाचेच बरोबर होते. १९७३ साली राल्फ हृदयविकाराने वारला, वय ४५. त्यानंतरची काही वर्षे डेलने कर्ज काढून, उसन्या सामानावर शर्यती केल्या.

तो ज्या शर्यतीत उतरे तिला स्टॉक कार शर्यत म्हणतात आणि ती भरवणाऱ्या संस्थेचे नाव नॅसकार. या मोटारी दिसायला रस्त्यावरच्या मोटारींसारख्या असतात, आत मात्र जाड पोलादी नळ्यांचा पिंजरा आणि दांडगे इंजिन असते. नॅसकारच्या अव्वल मालिकेत डेलची पहिली शर्यत १९७५ सालची, आणि तीत त्याचा क्रमांक बाविसावा आला. १९७९ साली तो सर्वोत्तम नवोदित ठरला आणि लगेच १९८० साली त्याने संपूर्ण वर्षाचे विजेतेपद मिळवले. पुढे १९८६, १९८७, १९९०, १९९१, १९९३ आणि १९९४ अशी आणखी सहा. सात विजेतेपदांचा रिचर्ड पेटीचा विक्रम त्याने गाठला. एकूण शर्यती जिंकल्या ७६. पुढच्या मोटारीला मागून हलकेच धक्का देऊन वाट काढण्यात तो वाकबगार होता. त्यामुळे लोकांनी त्याला ‘दहशत घालणारा’ अशा अर्थाचे टोपणनाव दिले होते. कोणी त्याला डोक्यावर घेत, कोणी त्याच्या नावाने बोटे मोडत. दोन्ही प्रकारचे लोक तिकीट काढून येत, हे मात्र खरे.

एवढे सगळे मिळवणाऱ्या या माणसाला डेटोनाची पाचशे मैलांची शर्यत मात्र वर्षानुवर्षे हुलकावणी देत राहिली. १९९० साली तर शेवटच्या फेरीत तो पहिला असताना रस्त्यावरच्या कसल्याशा तुकड्याने त्याचे टायर फाटले आणि डेरिक कोप नावाचा नवखा चालक जिंकून गेला. अखेर १९९८ साली, विसाव्या प्रयत्नात, त्याने ती जिंकली. त्या दिवशी प्रतिस्पर्धी संघांचे सगळे कामगार रांग करून उभे राहिले आणि तो मोटार हळूहळू चालवत एकेकाचा हात हातात घेत गेला.

त्याच्या आदल्या वर्षी, १९९७ साली, याच शर्यतीत त्याची मोटार उलटली होती. ती हवेत गेली, छपरावर आपटली आणि पुन्हा चाकांवर उभी राहिली. पाहणाऱ्यांचा श्वास थांबला. डेल बाहेर आला, रुग्णवाहिकेकडे निघाला, आणि जाता जाता त्याने वळून पाहिले तर मोटारीची चारही चाके जागच्या जागी! त्याने एका माणसाला इंजिन सुरू करून पाहायला सांगितले. ते सुरू झाले. हा गडी परत मोटारीत बसला आणि उरलेली शर्यत पुरी करून आला.

आता विचार करा. १९९७ सालचा अपघात दिसायला महाभयंकर, त्यात माणसाला काही झाले नाही. २००१ सालचा दिसायला साधा, त्यात माणूस गेला. असे का?

उत्तर न्यूटनच्या दुसऱ्या नियमात आहे. माणसाला इजा वेगाने होत नाही. विमानात आपण ताशी ८०० कि.मी. वेगाने चहा पीत बसतो. इजा होते ती वेग बदलल्याने, आणि तो किती थोड्या वेळात बदलला यावरून. ताशी २५५ कि.मी. म्हणजे सेकंदाला सुमारे ७१ मीटर. एवढ्या वेगाची मोटार कोलांट्या खात, घसरत पाच सेकंदांनी थांबली असे धरा. ७१ ला ५ ने भागा. मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, येतो १४ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वत्वरण ९.८ धरले तर हे त्याच्या दीडपटही नाही. कोलांट्यांत मधूनमधून याहून मोठे झटके बसतात, पण एकूण हिशेब पाच सेकंदांवर वाटला जातो. पट्ट्यांनी घट्ट बांधलेला चालक त्यातून चालत बाहेर येऊ शकतो.

भिंतीचे तसे नाही. २००१ च्या ऑगस्टमध्ये नॅसकारने या अपघाताचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. चित्रफितींवरून आणि मोटारीच्या मोडतोडीवरून तज्ज्ञांनी काढलेले आकडे असे: भिंतीवर आदळताना मोटारीचा वेग ताशी सुमारे २५५ कि.मी. होता. मोटार ज्या दिशेने सरकत होती ती दिशा आणि भिंत यांच्यातला कोन १३ ते १४ अंशांचा होता. मोटारीचे नाक मात्र भिंतीकडे बरेच वळलेले होते. म्हणजे मोटार तोंड एकीकडे आणि जाणे दुसरीकडे अशी तिरपी घसरत गेली.

इथे आपले सदिशाचे घटक कामाला येतात. वेगाचे दोन भाग पाडा, एक भिंतीला समांतर आणि एक भिंतीला लंब. समांतर भागाला भिंत अडवत नाही, त्या दिशेने मोटार भिंतीला घासत पुढे जाऊ शकते. अडवला जातो तो लंब भाग. १३.६ अंशांची ज्या सुमारे ०.२३५. २५५ ला तिने गुणा. उत्तर आले ६०.

ताशी साठ! २५५ कि.मी. वेगाच्या मोटारीला भिंतीने प्रत्यक्षात अडवले ते ताशी साठ कि.मी. वेगापुरते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून ऊर्जेचा हिशेब केला तर एकूण ऊर्जेच्या शंभर भागांपैकी जेमतेम साडेपाच भाग या लंब दिशेतले. माणूस मेला तो एवढ्या भागाने. मोटार फार चेपली का नाही, याचेही उत्तर यातच आहे. आणि ताशी साठ हा काही शर्यतीचा वेग नव्हे. आपल्या गंगापूर रोडवर किंवा मुंबई-आग्रा महामार्गावर तुमचे काका स्कूटर त्याच वेगाने चालवतात.

भिंतीवरून मोटार थोडी उलट उसळते, आणि इथे श्रेडरच्या मोटारीचा रेटाही होता. म्हणून वेगात झालेला एकूण बदल साठाहून जास्त, ताशी ६८ ते ७१ कि.मी. इतका अहवालात धरला आहे. आपण सेकंदाला १९.२ मीटर धरू. हा वेग किती, याची कल्पना यावी म्हणून सांगतो. सुमारे १९ मीटर उंचीवरून, म्हणजे सहा मजली इमारतीच्या गच्चीवरून पडलेली वस्तू जमिनीवर आदळते ती याच वेगाने.

आता वेळ. असा धक्का एका सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात आटोपतो. आपल्या गणितासाठी ०.०८ सेकंद धरू. १९.२ ला ०.०८ ने भागले की २४० येतात. गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ साडेचोवीस पट! आणि ही झाली सरासरी. धक्क्याच्या ऐन मध्यावर आकडा याच्या दुपटीच्या घरात जाऊ शकतो.

पुढचा प्रश्न, हे बल शरीराच्या कोणत्या भागावर आले? शर्यतीच्या मोटारीत चालकाला साधा पट्टा नसतो. दोन्ही खांद्यांवरून, कमरेवरून आणि मांड्यांमधून असे पाच-सहा पट्टे त्याला आसनाशी जखडून ठेवतात. मोटार थांबली की धड तिच्याबरोबर थांबते. पण डोक्याचे काय? डोक्याला कोणी बांधलेले नाही. जडत्वाच्या नियमाने ते आपल्या मूळ वेगाने पुढे जाऊ पाहते आणि त्याला धरून ठेवायला फक्त मान उरते. एस.टी.च्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला की डुलकी घेणाऱ्या उतारूची हनुवटी छातीवर आपटते, ती याच कारणाने.

डोक्याचे वस्तुमान साडेचार किलोग्रॅम आणि हेल्मेटचे दीड, मिळून सहा धरा. त्याला २४० ने गुणा. १,४४० न्यूटन. म्हणजे मानेला सरासरी दीड क्विंटल वजन लटकल्यासारखा ताण आणि ऐन भरात तीन क्विंटलांच्या आसपास. मानेचे मणके, स्नायू आणि त्यांना बांधणारे चिवट बंध कवटीला जिथे जोडलेले असतात तो कवटीचा तळ. त्या तळाला एक मोठे भोक असते, त्यातून मज्जारज्जू मेंदूत शिरतो. मान एवढ्या जोराने ओढली गेली की हे बंध पुष्कळदा तुटत नाहीत, तर ते ज्या हाडाला चिकटलेले असतात ते कवटीच्या तळाचे हाडच फुटते. तिथून जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि मेंदूचा श्वास-हृदय सांभाळणारा भाग यांना इजा झाली की माणूस क्षणार्धात जातो. अर्नहार्टचा मृत्यू कवटीच्या तळाच्या अस्थिभंगानेच झाला.

यात एक विचित्र गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. पट्टे जितके घट्ट, धड जितके पक्के बांधलेले, तितका सगळा भार एकट्या मानेवर. जुन्या काळी चालक मोटारीतून फेकले जाऊन किंवा सुकाणूवर छाती आपटून मरत. पट्ट्यांनी तो मृत्यू टाळला आणि मागे लपलेला दुसरा पुढे आला. मात्र यावरून ‘पट्टा बांधूच नये’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. घरच्या मोटारीतला पट्टा धडाला थोडे पुढे सरकू देतो, आणि पुढे डोके झेलायला हवेची पिशवी असते. पट्टा नसेल तर काय होते ते पुढे सांगतोच.

अर्नहार्टच्या आधीच्या नऊ महिन्यांत नॅसकारच्या शर्यतींतले तीन तरुण चालक भिंतीला आदळून मेले होते. त्यांपैकी ॲडम पेटी, रिचर्ड पेटीचा नातू, अवघा १९ वर्षांचा होता. तो मे २००० मध्ये न्यू हॅम्पशायरच्या मार्गावर गेला. जुलैमध्ये त्याच मार्गावर, त्याच वळणाला केनी अर्विन गेला. दोघांच्याही कवटीचा तळ फुटला होता. पण त्या वेळी फारसे काही बदलले नाही. सर्वात मोठा चालक गेला तेव्हा सगळे जागे झाले. हे बरे नव्हे, पण जगात पुष्कळदा असेच घडते.

अर्नहार्टच्या मृत्यूचे नेमके कारण काय, यावर तज्ज्ञांचे मात्र एकमत झाले नाही. त्याच्या कमरेच्या पट्ट्याची डावी बाजू तुटलेली सापडली होती. न्यायालयाच्या संमतीने नेमलेले ड्यूक विद्यापीठाचे डॉ. बॅरी मायर्स यांचे मत पडले, की डोके पुढे हिसकले गेले हेच कारण पुरेसे आहे, पट्टा शाबूत असता तरी हाड फुटले असते. नॅसकारच्या अहवालाने एका कारणावर बोट ठेवले नाही. भिंतीशी झालेला कोन, श्रेडरच्या मोटारीची धडक आणि पट्टा तुटल्याने शरीराला मिळालेली मोकळीक या सगळ्यांचा तो परिणाम होता, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला बसलेला मारही त्यात असावा, असे त्यात म्हटले होते. दोन्ही बाजूंचे लोक जाणकार होते. एकाच पुराव्यावरून दोन जाणकार वेगवेगळे अनुमान काढू शकतात, हे पाठ्यपुस्तकात सहसा वाचायला मिळत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

आता या गोष्टीतला खरा चुटपुट लावणारा भाग. हिसक्यापासून मान वाचवणारे साधन त्या दिवशी अस्तित्वात होते. नुसते अस्तित्वात नव्हते, विकतही मिळत होते.

१९८१ साली पॅट्रिक जॅकमार नावाचा एक चालक असाच अपघातात मेला. त्याचा मित्र जिम डाउनिंग हाही शर्यतीत भाग घेणारा. धडाला इजा नसताना माणूस मरतो कसा, हे कोडे त्याने आपल्या मेहुण्याला घातले. मेहुणे रॉबर्ट हबर्ड हे मिशिगन राज्य विद्यापीठात शरीराच्या यंत्रशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांना कारण ओळखायला वेळ लागला नाही. डोके आणि धड वेगवेगळ्या वेळी थांबतात हेच दुखणे, तेव्हा डोक्याला धडाबरोबर थांबवले पाहिजे. त्यांनी जे साधन तयार केले त्याला ‘हान्स’ म्हणतात.

बैलाच्या मानेवरचे जू तुम्ही पाहिले आहे. हान्स हे चालकाच्या खांद्यांवरचे जू समजा. कार्बनच्या तंतूंपासून बनवलेली, हलकी पण भक्कम अशी ही कॉलर छातीवरून खांद्यांवर येते आणि मानेमागे उभी राहते. खांद्याचे पट्टे तिच्यावरून जातात, त्यामुळे ती धडाशी आवळली जाते. हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना एकेक आखूड पट्टी, ती या कॉलरला अडकवलेली. डोके इकडेतिकडे वळवता येते. पण धडक बसून ते पुढे झेपावू लागले, की पट्ट्या ताणल्या जातात, ओढ कॉलरवर येते, कॉलरवरून खांद्याच्या पट्ट्यांवर आणि तिथून मोटारीच्या सांगाड्यावर. मानेतून जाणारे बल आता बाजूच्या वाटेने जाते. आपण विजेच्या मंडलात समांतर वाट काढून देतो, तसेच हे.

डाउनिंग स्वतः ते घालून शर्यती करू लागला. १९९१ साली दोघांनी ते विकण्यासाठी कंपनी काढली. पण गिऱ्हाईक मिळेना! अवजड आहे, खांद्याला रुतते, पेटत्या मोटारीतून निघताना अडकेल, अशा तक्रारी होत. १९९४ साली इमोला येथे रोलांड रॅट्झेनबर्गर गेला तोही कवटीच्या तळाच्या अस्थिभंगाने. त्यानंतर फॉर्म्युला वनचे लोक या साधनाकडे वळले आणि ते लहान, सुटसुटीत करण्याचे काम सुरू झाले. २००१ च्या डेटोना शर्यतीत मोजक्याच चालकांनी ते घातले होते. अर्नहार्टला ते पसंत नव्हते. हेल्मेटही तो जुन्या पद्धतीचे, उघड्या तोंडाचेच घाली.

त्याच्या मृत्यूनंतर मात्र चालकांची मागणी पुरवता पुरवेना. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शार्लट येथे ब्लेज अलेक्झांडर हा आणखी एक चालक गेला आणि लगोलग नॅसकारने डोके-मान बांधणारे साधन सक्तीचे केले. फॉर्म्युला वनने ते २००३ पासून सक्तीचे केले.

दुसरा बदल भिंतीत झाला. नेब्रास्का विद्यापीठातील डीन सिकिंग आणि त्यांचे सहकारी १९९८ पासूनच एका मऊ भिंतीवर काम करत होते. नॅसकारच्या अहवालासाठी काम करणाऱ्या तज्ज्ञांतही हे सिकिंग होते. त्यांची भिंत अशी: काँक्रीटच्या भिंतीपुढे थोडे अंतर सोडून पोलादी चौकोनी नळ्यांची दुसरी भिंत आणि दोन्हींच्या मध्ये थर्माकोलसारख्या फेसाचे ठोकळे. मोटार आदळली की पोलाद मागे सरते, ठोकळे चेंगरतात. आपल्या मघाच्या आकड्यांनी पाहा. १९.२ मीटर वेग ०.०८ सेकंदात शून्य झाला, म्हणजे मंदन एकसारखे धरले तर थांबायला अंतर मिळाले सुमारे ७७ सेंटीमीटर, बहुतेक सगळे मोटारीचे नाक चेपल्यामुळे. भिंत आणखी ३३ सेंटीमीटर मागे सरली तर अंतर झाले १.१ मीटर. वेगाच्या वर्गाला अंतराच्या दुपटीने भागा. मंदन येते सुमारे १६८, म्हणजे साडेचोवीस पटीवरून सतरा पटीवर. एका फूटपट्टीएवढ्या जागेने एवढा फरक! २००२ साली इंडियानापोलिसच्या मार्गावर ही भिंत प्रथम बसवली गेली आणि पुढे सगळ्या मोठ्या मार्गांवर आली.

अर्नहार्टनंतर आजवर नॅसकारच्या अव्वल मालिकेतील शर्यतीत एकही चालक मेलेला नाही. २०२० साली त्याच डेटोनाला, तशाच शेवटच्या फेरीत रायन न्यूमनची मोटार भिंतीवर आदळून उलटली आणि मागून येणाऱ्या मोटारीने तिला ठोकरले. तिसऱ्या दिवशी न्यूमन आपल्या दोन मुलींचे हात धरून इस्पितळातून चालत बाहेर पडला.

आपल्या रस्त्यांवर कोणी हान्स घालत नाही आणि त्याची गरजही नाही. पण धक्क्याचे गणित तेच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर कठड्याला धडकली. पुढे बसलेले दोघे पट्टा बांधून होते, ते वाचले. मागच्या दोघांनी पट्टे बांधले नव्हते, ते दोघेही गेले. मिस्त्री त्यांपैकी एक. त्यापूर्वी ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांचे निधन झाले, तेही मोटारीच्या मागच्या आसनावर होते. मागे बसणाऱ्यानेही पट्टा बांधावा असा नियम आपल्याकडे आहे. तो किती पाळला जातो ते येत्या रविवारी एखाद्या चौकात उभे राहून मोजा.

पट्टा नसलेल्या माणसाचे संपूर्ण शरीर हे अर्नहार्टच्या डोक्यासारखे मोकळे असते. मोटार थांबते, ते थांबत नाही. आई मूल मांडीवर घेऊन पुढे बसते आणि म्हणते, मी घट्ट धरले आहे. मूल दहा किलोचे धरा. साडेचोवीस पटीने ते अडीच क्विंटल होते. अडीच क्विंटल म्हणजे धान्याची पाच पोती. कोणती आई ती हातांत धरू शकेल?

हेल्मेटचेही तेच. हेल्मेटच्या आत जो पांढरा थर असतो तो सिकिंग यांच्या भिंतीतल्या फेसाचाच भाऊबंद आहे. डोके थांबायला तो दोन-तीन सेंटीमीटर अंतर देतो. टाळूचे हाड नुसते रस्त्यावर आदळले तर काही मिलीमीटरही मिळत नाहीत. हनुवटीखालचा पट्टा न लावता हेल्मेट घालणारा मनुष्य मात्र ही जागा विकत घेऊन घरीच ठेवून येतो.

शेवटी एक प्रयोग. मीटरभर लांबीची फळी तीन-चार पुस्तकांवर टेकवून उतार करा. पायथ्याशी वीट आडवी ठेवा. चाकांच्या खेळण्यातल्या गाडीवर शाडूचा एक माणूस बसवा, गणपतीच्या दिवसांत आपल्याकडे शाडू हवी तितकी मिळते. डोक्यात एक काचेची गोटी घाला म्हणजे ते जड होईल, आणि मान शाडूचीच, पेन्सिलीएवढी बारीक करा. धड दोऱ्याने गाडीला घट्ट बांधा आणि गाडी सोडा. उतार वाढवत गेलात की एका उंचीला धड जागेवर राहते आणि डोके तुटून विटेपलीकडे जाते. ती उंची लिहून ठेवा. आता जाड पुठ्ठ्याची एक पट्टी माणसाच्या खांद्यांवर जुवासारखी ठेवून धडाच्या दोऱ्याखाली आवळा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना टाचण्या खोचून त्यांपासून जुवापर्यंत आखूड दोरे बांधा आणि त्याच उंचीवरून पुन्हा सोडा. मग तिसऱ्यांदा जू काढून विटेपुढे स्पंज ठेवा. प्रत्येक वेळी मान नव्या शाडूची करायला विसरू नका, कारण एकदा ताणलेली मान दुसऱ्या खेपेस लवकर तुटते. दोरे सैल ठेवले तर जुवाचा उपयोग किती होतो, आणि दोरे घट्ट पण धडाचा दोरा सैल असेल तर काय होते, हे मी सांगत नाही. ते करून पाहा.